पत्र्याखालचा उन्हाळा

फेब्रुवारी सरता सरता उन्हाळ्याचा अंदाज येतो. साऱ्या देशाचा असतो तो. ऊन कुठे किती तापेल, उष्णतेच्या लाटा नेहमीपेक्षा किती जास्त रेंगाळतील, कोणत्या जंगलांना वणव्याची भीती, समुद्रात वादळं केव्हा उठू शकतात, अवकाळीचा तडाखा कोणत्या पट्ट्याला. सोबत रंगीत नकाशा असतो. त्या नकाशात आमचा खानदेश गेली काही वर्षं गडद तांबडाच असतो. जळगावच्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर मी पुष्कळ वर्षं बोलते आहे. सुरुवातीला गाण्यांच्या फर्माइशी वाचायचे, मग शेतीचे कार्यक्रम केले, आणि आता बहुतेक हवामानच वाचते. अंदाज इंग्रजीत येतो. तो मराठीत करायचा, ऐकणाऱ्याला कळेल असा करायचा, एवढंच माझं काम.

गेल्या वर्षीचा अंदाज मी वाचला त्या दिवशी दुपारीच अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून मला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. ती धुळ्याला राहायची. मोबाइलवर आमचं केंद्र लागतं हे कळल्यापासून ती माझा आवाज चुकवत नसे. घरातल्यासारखंच आम्ही दोघी एकमेकींशी कायम अहिराणीत बोलायचो. रेडिओवरचं माझं शुद्ध मराठी ऐकून तिला हसू यायचं.

"आयकं वं मी तुन्हं," ती म्हणाली. "मंग आते काय करानं?"

मी तिला तेच सांगितलं जे रेडिओवर सांगितलं होतं. दुपारी बाहेर पडू नका, पाणी पीत राहा, डोक्याला ओलं फडकं बांधा.

"आम्ही बाहेर कोठे जातस? घरमाच शेतस," ती म्हणाली. "आनि घरमाच तं बठ्ठं तपेल शे."

आम्ही दोघी हसलो. तिचं बोलणंच तसं होतं. हसत हसत नेमकं असं काही बोलायची की उत्तर सुचू नये.

तिचं घर म्हणजे धुळ्याच्या जुन्या वस्तीतल्या एका दोनमजली इमारतीवरची पत्र्याची खोली. खोलीला लागून हातभर रुंद गच्ची, आणि बाहेरून एक लोखंडी जिना. जिना इतका अरुंद की वर जाणारा असला तर उतरणाऱ्यानं थांबायचं. माझे मेहुणे एका तेलाच्या गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली, मग ते इकडेतिकडे वॉचमनची कामं करत राहिले, आणि एका हिवाळ्यात सकाळी चूळ भरता भरता पडले. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. फक्त एक शब्द तोंडात उरला, 'हो'. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो, दुखलं तरी हो. आवाजाच्या चढउतारावरून अक्काला त्याचा अर्थ कळायचा. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून त्या जिन्यानं वर नेलं होतं. नेताना खुर्ची कलंडली, ते कठड्यावर आपटले आणि असे काही ओरडले की गल्लीतली माणसं बाहेर आली. त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. अक्काही मग भाजी-दळणापुरतीच उतरायची.

एप्रिलच्या मध्यावर मी तिला भेटायला गेले. मनात ठरवूनच गेले होते की दोघांना जळगावला घेऊन यायचं. आमचं घर काही महाल नाही आणि जळगाव काही धुळ्यापेक्षा गार नाही. पण घर तळमजल्यावर आहे, वर स्लॅब आहे, मागच्या खोलीत ऊन येत नाही. माझे यजमान स्वतःहून म्हणाले होते, "घेऊन ये त्यांना. उन्हाळाभर राहतील."

बसच्या खिडक्या सगळ्यांनी लावून घेतल्या होत्या, कारण उघड्या ठेवल्या की भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखं व्हायचं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना मोकळी काळी शेतं, मधूनच कापसाच्या पळाट्यांचे ढीग. रस्त्यावर माणूस नाही. वाहक तोंडाला ओला रुमाल लावून पुढच्या बाकावर बसून होता आणि दर थांब्यावर बाटलीतलं पाणी त्या रुमालावर ओतून घ्यायचा.

अक्काच्या खोलीत पाय टाकला आणि मला क्षणभर श्वासच घेता येईना. खरं तर बाहेर बरं होतं. बाहेर निदान वारा होता.

तिनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पत्र्याला वरून चुना मारून घेतला होता. चुन्यावर गोणपाटं अंथरली होती आणि सकाळ-दुपार त्यांवर पाणी मारायची. खिडकीला ओलं धोतर टांगलं होतं. मेहुण्यांच्या खाटेवर ओली चादर, त्यांच्या छातीवर ओला पंचा. कोपऱ्यात कूलर होता. पण धुळ्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. पिंपं भरून ठेवायची आणि पुरवायची. गोणपाटांना पाणी मारलं तर कूलरला पुरत नसे, कूलरला घातलं तर अंघोळीला नसे. दुपारी विजेचा दाब उतरला की पंख्याची पाती मोजता येतील इतकी हळू फिरायची.

मी फळीवरचं स्टीलचं भांडं उचललं आणि ठेवून दिलं. हाताला चटका बसला होता. भिंतीला टेकून बसावं तर भिंत तापलेली. बरणीतलं तेल कढवल्यासारखं पातळ झालेलं. गार असा एकटा माठ होता, आणि त्यातलं पाणी ती मेहुण्यांना चमच्यानं पाजायची.

"अक्का, चाला आते जळगावले," मी म्हणाले. "कितला दिवस आसं काढशी?"

"यासले खाले कसं उतारानं?" ती म्हणाली. "पडी ग्यात म्हंजे?"

मी म्हणाले, चार माणसं बोलावू. ती म्हणाली, मागेही चारच होती. मी म्हणाले, या वेळी दोरीनं बांधून घेऊ. ती उठली. मग मेहुण्यांच्या खाटेशी गेली आणि वाकून मोठ्यानं विचारलं, "जळगावले जानं का?"

"हो," मेहुणे म्हणाले.

"का आठेच राहानं?"

"हो."

"देख," अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मेहुणेही अर्ध्या तोंडानं हसले. त्या दिवसातलं तेवढंच एक बरं होतं. हसून झाल्यावर ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पानी पडू दे. मंग येसूत."

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या जिन्यावरून माणूस नेणं म्हणजे काय, ते तिनं पाहिलं होतं.

दिवस कलल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. लळिंगच्या बाजूला डोंगर पेटला होता. वाळलेल्या गवतातून एक नारिंगी रेघ हळूहळू वर सरकत होती, आणि वर धुराचा पट्टा. कुणी म्हणत होतं, चांगलं गवत उगवावं म्हणून मुद्दाम लावतात. कुणी म्हणत होतं, महामार्गावरून कुणीतरी विडी टाकली असेल. शिरपूरकडे सातपुड्यातही त्या आठवड्यात ठिकठिकाणी वणवे होते. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळू नका, असं मीच रोज वाचत होते. वाऱ्याबरोबर राखेचे काळे कण येऊन पिंपातल्या पाण्यावर पडत होते. अक्का बोटाच्या टोकानं एक एक कण उचलून गच्चीच्या कडेला पुसत होती. पाणी गाळून घेता आलं असतं, पण फडक्यात घोटभर पाणी मुरतं, ते तिला नको होतं.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच परत आले.

मे महिना लागला आणि लाट आली. एक ओसरली की दुसरी. रात्रीही पारा उतरेना. दिवसा तापलेला पत्रा पहाटेपर्यंत ऊन ओकत राहायचा. अक्काचा फोन रोज दुपारचं निवेदन संपलं की यायचा, पण बोलणं कमी कमी होत गेलं. आधी ती भाजीचे भाव सांगायची, गल्लीतली भांडणं सांगायची. आता फक्त विचारायची, "अजून किती दिवस म्हनतस ते?" ते, म्हणजे अंदाज करणारे. मी सांगायचे, अजून चार-पाच दिवस. ते चार-पाच दिवस झाले की पुन्हा चार-पाच दिवस.

एकदा मी रेडिओवर वाचलं, शक्य असल्यास थंड जागी आसरा घ्या. तिचा लगेच फोन.

"थंड जागा कोठे शे ते बी सांगी दे ना रेडिओवर."

या वेळी ती हसली नाही.

ते माझ्या मनातून जाईना. आम्हाला सूचना पाठवणाऱ्या कार्यालयात एक सज्जन गृहस्थ होते, त्यांना मी फोन केला. म्हटलं, साहेब, जी माणसं पत्र्याच्या घरात आहेत, ज्यांना बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी एखादी ओळ घालता येईल का? ते म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा, काय लिहू? झाडाखाली बसा म्हणू? झाड कुठे आहे? मंदिरात जा म्हणू, तर दुपारी मंदिर बंद. घरावर पाणी मारा म्हणू, तर लोक मला विचारतील, पाणी कोणाच्या घरून आणू? माझी आई पहूरला आहे, तीही पत्र्याखालीच आहे. मी तिला काय सांगतो माहीत आहे? सांभाळून राहा, एवढंच."

मी त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचलं. दुपारी बाहेर पडू नका. पाणी पीत राहा.

मे संपत आला तेव्हा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तो किनाऱ्याला लागणार नव्हता, परस्पर निघून जाणार होता. पण त्याच्या ओढीनं आमच्याकडे वादळी वारे, विजा, कुठे गारा पडतील असं निवेदन आलं. समुद्र कुठे आणि आम्ही कुठे. अक्कानं तर उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी निवेदन वाचलं, तिला फोन करून सांगितलं, की गोणपाटांवर विटा ठेव. ती म्हणाली, ठेवेल शेत.

दुपार सरताना पश्चिमेकडून मातकट काळोख चालून आला. आमच्या दारातला निंब मुळासकट आडवा झाला. रावेरकडच्या केळीच्या बागा लोळण घेतल्यासारख्या झोपल्याच्या बातम्या आल्या. घडासकट खोडं मोडून पडली होती. मी अक्काला फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता. लागला तेव्हा अंधार पडायला आला होता.

"पत्रा ग्यात वं," ती म्हणाली. आवाज धापा टाकणारा, पण रडवेला नव्हता. उलट त्यात काहीतरी नवलच होतं. खोलीवरचे निम्मे पत्रे उडाले होते. त्यातला एक रस्ता ओलांडून विजेच्या तारांवर जाऊन पडला. खाटेवर मेहुणे, वरून पाऊस. अक्का त्यांच्या अंगावर पालथी पडून राहिली. खालच्या मजल्यावर एक रिक्षावाला कुटुंबासह राहायचा. तो आणि गल्लीतली दोन-तीन माणसं पावसातच धावत वर आली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत मेहुण्यांना बसवलं, साडीनं बांधलं आणि बघता बघता खाली आणलं.

"उतरी ग्यात वं!" अक्का पुन्हा पुन्हा सांगत होती. "काहीच नई व्हयनं त्यास्ले. काहीच नई."

ज्या जिन्याच्या धाकानं तिनं अख्खा उन्हाळा वर काढला होता, तो जिना असा क्षणात उतरून झाला होता. मी तिला म्हटलं, आता तिथं राहू नकोस, रस्ता मोकळा झाला की गाडी घेऊन येतो आम्ही. ती लगेच हो म्हणाली.

झाडं पडून रस्ते ठिकठिकाणी अडले होते, एक दिवस त्यात गेला. तेवढ्यात ऊन पुन्हा पहिल्यासारखं झालं. पहिल्यासारखं नाही, वाईट. जमीन भिजलेली, हवेत ओल, त्यावर ते ऊन. अंगातून घाम निघायचा आणि वाळतच नसे. धुळ्यात त्या भागाचे खांब पडलेले, वीज नाही. मेहुणे खाली रिक्षावाल्याच्या घरी शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून झोपवलेले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली होती, असं त्या घरच्या वहिनींनी मला नंतर सांगितलं. जे सांगितलं ते असं.

अक्का मात्र टेकली नाही. सकाळपासून वर-खाली करत होती. भिजलेल्या गाद्या गच्चीवर टाकल्या, खोलीतला चिखल काढला, भांडी धुतली, दोघांच्या कपड्यांची बोचकी बांधली. जळगावला जायचं होतं ना. दुपारी स्वयंपाकाची वेळ झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अक्का, इथंच करा, माझा गॅस आहे." पण अक्काला दुसऱ्याच्या चुलीशी जायचा संकोच. आधीच आपलं माणूस त्यांच्या घरात झोपवलं आहे, त्यात आणखी कशाला? "दोन घास तं शेत," म्हणाली आणि मेहुण्यांसाठी मऊ खिचडी टाकायला वर गेली. उरलेल्या निम्म्या पत्र्याखाली. बराच वेळ झाला तरी उतरली नाही, म्हणून वहिनी वर गेल्या. खिचडी झालेली होती, गॅस बंद केलेला होता, आणि अक्का भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसली होती. हाक मारली तर डोळे उघडले, पण ओळख नाही. हात लावला तर तव्याला लावल्यासारखा.

त्याच वेळी आम्ही वाटेत होतो. यजमानांनी मोठी गाडी ठरवली होती. मागच्या भागात मी गादी अंथरली होती, दोन उशा ठेवल्या होत्या, माठातलं पाणी थर्मासात भरून घेतलं होतं. पारोळ्याजवळ वहिनींचा फोन आला. त्या नीट बोलूच शकत नव्हत्या. मला आधी वाटलं, मेहुणे गेले. खरं सांगायचं तर इतके दिवस आम्ही सगळेच मनातून त्यांच्याच काळजीत होतो. ते आजारी, ते अंथरुणाला खिळलेले. अक्काला काही होईल हे कुणाच्या मनातही नव्हतं. ती तर करणारी होती.

दवाखान्यातली खोली भरलेली होती. खाटा कमी पडल्या म्हणून काही माणसं खाली सतरंजीवर. शेतमजूर, एक ट्रकचालक, एक लेकुरवाळी बाई. परिचारिका बर्फाच्या पाण्यात बुडवलेली फडकी एकीकडून दुसरीकडे नेत होत्या. अक्काचे केस ओले केलेले, साडी ओली, हाताला सलाईन. मी तिचा तळवा धरला. घामाचा टिपूस नव्हता. कोरडा, कढत तळवा. तिचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"नळ उना का?" नळाला पाणी आलं का, ती विचारत होती. "नळ उना का?"

"उना अक्का, उना," मी म्हणाले.

"भरी ले. पटकन भरी ले."

"भरस."

तिनं मान हलवली. ते समजून हलवली की कशी, मला सांगता येणार नाही. सूर्य मावळायच्या आत ती गेली.

डॉक्टर तरुण होता. रात्रपाळी-दिवसपाळी एक करून त्याचे डोळे लाल झाले होते. कागदावर लिहिण्याआधी त्यानं मला बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. वय झालेलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यात हे ऊन. यातलं नेमकं कशानं हृदय थांबलं हे त्याला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. त्यानं लिहिलं, हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. पुढे उन्हानं दगावलेल्यांच्या बातम्या मी वाचल्या, तेव्हा त्यात अक्का नव्हती. घेतलं असतं मोजणीत तरी काय होणार होतं?

तिचा मुलगा सुरतेहून दुसऱ्या दिवशी पहाटे पोचला. तिथं साड्यांच्या बाजारात तो गठ्ठे बांधायचं काम करतो. अग्नी देऊन आल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला.

"मावशी," तो म्हणाला, "बाबांना मी नेलं असतं. पण माझी खोली पण वरच्याच मजल्यावर आहे. ती पण पत्र्याचीच."

मी म्हटलं, राहू दे बाबा, ते आमच्याकडे येतील.

मेहुण्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी त्यांच्या उशाशी बसले. ते माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "अक्का गेली. आपली अक्का गेली."

"हो," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा 'हो' म्हणाले. तो 'हो' कुठल्या अर्थाचा हे जिला कळलं असतं ती आता नव्हती. मी त्यांचं कपाळ पुसलं आणि उठले. मग गाडीत घातलेल्या त्या गादीवर त्यांना एकट्यालाच झोपवून आम्ही जळगावला आणलं. वाटेत वादळानं पाडलेली झाडं रस्त्याच्या कडेला तोडून रचलेली होती, आणि त्यांची पानं एवढ्यातच तपकिरी झाली होती.

ते आमच्याकडेच आहेत. मागच्या खोलीत असतात. मी भरवते ते खातात, पण चमचा तोंडाशी नेला की आधी दाराकडे पाहतात आणि मग तोंड उघडतात. पावसाळा आला, उशिरा आला आणि एकदम आला. ऑक्टोबरात पुन्हा इतकं तापलं की लोक म्हणाले, हा दुसरा उन्हाळाच. मी रोज स्टुडिओत जाते, आलेलं निवेदन मराठीत करते, वाचते. दुपारचं निवेदन संपलं की आता कुणाचा फोन येत नाही. काही ऐकणारे विचारतात, ताई, तुमचा आवाज बदलला का? मी म्हणते, वय झालं.

थंडीत भाच्याला सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही दोघं धुळ्याला खोली रिकामी करायला गेलो. मालकानं नवे पत्रे टाकून घेतले होते, निळ्या रंगाचे. खोलीत नवे भाडेकरू येऊनही बसले होते. अक्काचं सामान त्यांनी नीट एका कोपऱ्यात रचून ठेवलं होतं. एक अगदी तरुण जोडपं, शिरपूरच्या वर डोंगरपायथ्याच्या गावातलं. तिकडे त्यांची पावसावरची थोडी शेती. नवऱ्याला इथं गोदामात हमालीचं काम मिळालं होतं. बाईच्या कडेवर तान्हं मूल. छताच्या लोखंडी नळीला तिनं साडीची झोळी बांधली होती, पत्र्याच्या अगदी खाली.

भाचा भांडी पोत्यात भरत होता. ती बाई मला चहा करू का म्हणाली, मी नको म्हटलं. मग तिनं विचारलं, "मावशी, खोली चांगली आहे ना? उन्हाळ्यात कसं असतं इथं?"

भाच्यानं हातातलं पातेलं तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हणाले, खूप तापते. दुपारी बाळाला घेऊन खाली जात जा, खालच्या वहिनी चांगल्या आहेत. लाजू नकोस. झोळी दाराजवळ बांध, पत्र्यापासून जेवढी खाली घेता येईल तेवढी घे.

तिनं वर पाहिलं. दाराजवळ नळी नव्हती. "तिकडे बांधायला काही नाही," ती म्हणाली. मग जराशानं, मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "गावाकडे विहीर आटली, मावशी. इथं काम तरी आहे. आम्हाला सवय आहे उन्हाची."

मूल झोपेत कण्हलं. तिनं झोळीला झोका दिला. भाच्यानं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं आणि ते खांद्यावर घेतलं. जिना अरुंद, म्हणून त्याला आधी उतरू दिलं, आणि मग मी उतरले.